छोटासा वॉकीटॉकी आणि सातासमुद्रापारच्या मैत्रिणी

मैत्रिणींनो, 'हॅम' हा शब्द कधी ऐकलाय? हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि मग आपल्या घरातून, आपल्या सेटवरून जगाशी बोलायचं. आकाशवाणीसारखं एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं इथे नसतं. इथे दोन्ही बाजू बोलतात, आळीपाळीने. एकाचं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं आणि मग दुसऱ्यानं सुरू करायचं. (आपल्या घरातल्या सगळ्यांनी हा नियम पाळला तर किती बरं होईल, नाही का?)

या छंदात पैसा मिळत नाही. उलट या परवान्यावर पैसे कमवायला किंवा धंद्याच्या गोष्टी बोलायला बंदीच आहे. मिळते ती ओळख, माहिती आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडण्याचं समाधान. प्रत्येक हॅमला सरकारकडून एक कॉलसाइन मिळते. गाडीला नंबर असतो ना, तशी. आपल्याकडच्या कॉलसाइन 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हॅम होते आणि हवेतलं त्यांचं नाव होतं 'व्हीयू टू आरजी'.

"हे सगळं पुरुषांचं खूळ, आपल्याला काय करायचंय?" असं तुमच्या मनात आलं असेल. तसं वाटणं साहजिक आहे. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या छंदात एक मोठा बदल झाला. हा रेडिओ इंटरनेटला जोडला गेला. त्यामुळे गच्चीवर उंच खांब आणि लांबच लांब तारा नसल्या तरी हातातल्या छोट्या सेटवरून परदेशात बोलता येऊ लागलं. मला वाटतं, या बदलाने बायकांसाठी एक दार किलकिलं केलंय. आणि त्या दारातून आत जाताना एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे, तीही शेवटाकडे सांगणारच आहे.

डोंगर आडवा आला की...

आधी अडचण कुठे होती ते बघू.

दूर देशी बोलायचं तर शॉर्टवेव्ह लागते. या लहरी वर आकाशात जातात, तिथल्या एका थरावर आपटतात आणि शेकडो-हजारो किलोमीटरवर खाली येतात. बिबीसीची किंवा सिलोनची रेडिओ केंद्रं आपल्या घरी ऐकू यायची ती अशीच. पण त्यासाठी अँटेना मोठी लागते. हॅम लोकांच्या आवडत्या ४० मीटर बँडवरची साधी तारेची अँटेना जवळजवळ २० मीटर लांब असते. म्हणजे ६५ फूट! आता सांगा, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून जिथे शेजारणीशी वाद होतात, तिथे ६५ फुटांची तार कोण बांधू देणार? भाड्याचं घर असेल तर घरमालक, फ्लॅट असेल तर सोसायटी, आणि स्वतःचं घर असेल तर सासूबाई!

दुसरा प्रकार हातातल्या वॉकीटॉकीचा. त्याची अँटेना वीतभर, सेट पर्समध्ये मावेल एवढा. पण त्याच्या लहरी सरळ जातात. मध्ये डोंगर आला, उंच इमारती आल्या की अडतात. नुसत्या हातातल्या सेटवर चार-सहा किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ.

म्हणून हॅम मंडळी डोंगरमाथ्यावर रिपीटर बसवतात. रिपीटर म्हणजे आपल्या गावातल्या पाणवठ्यावरची ती बाई समजा. तिच्या कानावर एक गोष्ट घातली की दुसऱ्या क्षणी ती सगळ्या गावाला कळते, तीही मोठ्या आवाजात. तुमच्या छोट्या सेटचा अशक्त आवाज रिपीटर वरून ऐकतो आणि जास्त ताकदीने पुन्हा सोडतो. मग तोच आवाज पन्नास-शंभर किलोमीटरपर्यंत जातो. पण त्यापुढे? त्यापुढे पुन्हा गप्पच.

एका विद्यार्थ्याने घातलेला पूल

ही गप्प बसायची वेळ संपवली ती कॅनडात. व्हँकुव्हरच्या डेव्हिड कॅमेरॉन या तरुण हॅमने १९९७ साली एक कल्पना लढवली. कॅनडा म्हणजे अवाढव्य देश. एका टोकाच्या रिपीटरवरचा आवाज दुसऱ्या टोकाला रेडिओने पोचवायचा तर मध्ये कितीतरी डोंगरांवर रिपीटर हवेत. त्यापेक्षा इथला रिपीटर इंटरनेटने तिथल्या रिपीटरला जोडला तर? त्याने तो जोडून दाखवला. या व्यवस्थेचं नाव आयआरएलपी. सुरुवातीला विंडोजवर चालणारा हा खटाटोप सारखा बंद पडायचा, म्हणून पुढे लिनक्स या संगणक प्रणालीवर सगळं नव्याने उभारलं आणि मग ते ठाकठीक चालू लागलं. 

आयआरएलपीची एक अट आहे आणि ती मला फार आवडली. दोन्ही टोकांना रेडिओ हवाच. नुसता संगणक उघडून कुणी आत शिरू शकत नाही. मधला रस्ता इंटरनेटचा असला तरी घरातून बाहेर पडताना आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना पाऊल रेडिओच्याच उंबऱ्यावर पडलं पाहिजे. हौशी रेडिओतला 'रेडिओ' शाबूत राहिला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह.

त्यानंतर २००२ साली अमेरिकेतल्या जोनाथन टेलर या हॅमने 'इकोलिंक' नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं आणि ते फुकट वाटलं. टेलरने दार आणखी उघडलं. रेडिओ संगणकाला जोडता येतोच, पण रेडिओ जवळ नसला तरी परवानाधारक माणूस नुसत्या संगणकावरून, आणि पुढे मोबाइलवरूनही, दूरच्या गावातल्या रिपीटरवर बोलू शकतो. इकोलिंकच्याच माहितीप्रमाणे १५१ देशांतल्या दोन लाखांहून जास्त हॅमनी आपली नोंद केलेली आहे.

जुन्या हॅमपैकी काही जणांनी नाकं मुरडली. "याला काय रेडिओ म्हणायचं? हा तर फोन झाला!" असा त्यांचा आक्षेप. पाटा-वरवंट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. मिक्सरने वेळ वाचतो आणि हात दुखत नाहीत, हे खरंच. पण वीज गेली की पाटाच कामाला येतो, हेही खरं. 

आवाज जातो कसा?

आमच्या महिला मंडळाने मागे आपत्तीच्या तयारीचं शिबिर घेतलं होतं. प्रथमोपचार, गॅस गळती, पुराच्या वेळी काय करायचं वगैरे. त्यात एका हॅमकाकांनाही बोलावलं होतं. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी पिशवीतून काय काय काढलं आणि सतरंजीवर मांडलं. आम्हा बायकांना वायरी-बियरी बघून आधी जांभयाच आल्या! पण त्यांनी फार सोपं करून सांगितलं. मला कळलं ते असं :

समजा, तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या आहात आणि हातात छोटा सेट आहे. बटण दाबून बोललात. तो आवाज जवळच्या दुसऱ्या एका रेडिओने पकडला. हा रेडिओ एका संगणकाला जोडलेला असतो. या जोडीला 'नोड' म्हणतात. संगणक तुमच्या आवाजाचे आकडे करतो, छोट्या छोट्या पुड्या बांधतो आणि इंटरनेटवरून धाडतो. दूरच्या गावातला संगणक त्या पुड्या सोडतो, पुन्हा आवाज करतो आणि आपल्या रेडिओतून तिथल्या हवेत सोडतो. तिथे कुणी बाई गाडीत बसून छोटा सेट कानाला लावून असेल, तर तिला तुमचा आवाज ऐकू येतो. तुमच्या सेटची ताकद चार किलोमीटरची, पण बोलणं झालं चार हजार किलोमीटरवर!

कुणाशी जोडायचं ते कसं ठरतं? प्रत्येक नोडला नंबर असतो. सेटवर फोनसारखी बटणं असतात. नंबर दाबला की टुंटुं आवाज जातात, नोडला ते कळतात आणि तो पलीकडचा दरवाजा उघडतो. काही नोड म्हणजे मोठे दिवाणखानेच, त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात. तिथे एकाच वेळी अनेक गावांची, अनेक देशांची माणसं येऊन बसतात.

इकोलिंकवर ९९९९ नंबरचा एक नोड आहे. तिथे आपण बोललेलं तो लगेच परत ऐकवतो. आपला आवाज नीट जातोय ना, हे तपासायची ती सोय. काकांनी आपल्या परवान्यावर, स्वतः समोर बसून ते करून दाखवलं. त्यांचंच "नमस्कार" काही क्षणांनी परत आलं, तेव्हा मागे बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "अगो बाई, आमच्या विहिरीत ओरडलं की असंच होतंय!" सगळा हॉल हसला. पण आजींनी तत्त्व बरोबर पकडलं होतं.

इथले रीतिरिवाजही शिकण्यासारखे आहेत. इंटरनेटमधून जाताना आवाजाला थोडा उशीर होतो. म्हणून बटण दाबल्यावर लगेच बोलायचं नाही, एक सेकंद थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. समोरच्याचं बोलणं संपल्यावरही दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. न जाणो, कुणाला तातडीचा निरोप द्यायचा असेल तर त्याला मध्ये शिरायला जागा हवी. दोन वाक्यांच्या मध्ये दुसऱ्यासाठी जागा ठेवायची! किती साधी आणि किती सुंदर रीत आहे, नाही?

ऐंशीची बाईसुद्धा 'यंग लेडी'

आता खास आपल्यासाठीची गंमत. हॅम जगात बाईला 'वायएल' म्हणतात, म्हणजे 'यंग लेडी'. वयाची अट नाही! ऐंशी वर्षांची पणजी रेडिओवर आली तरी ती यंग लेडीच. तारायंत्राच्या काळात शब्द वाचवायला हे संक्षेप निघाले. निरोप घेताना '७३' म्हणायचं, म्हणजे मनःपूर्वक शुभेच्छा. आणि एका बाईने दुसऱ्या बाईचा निरोप घ्यायचा तर '३३'. हा आकडा खास बायकांनी बायकांसाठी ठरवलाय. त्याचा अर्थ मैत्रीने बांधलेला जिव्हाळा. अमेरिकेतल्या एथेल स्मिथ या बाईंच्या पुढाकाराने १९३९ साली हौशी रेडिओचालक बायकांची 'यंग लेडीज रेडिओ लीग' ही संघटना सुरू झाली. ज्या काळात बायकांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरला तरी लोक वळून बघायचे, त्या काळात या बायका स्वतःचे सेट चालवत होत्या.

इंटरनेटच्या जोडणीचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो घरात अडकलेल्यांना. आयुष्यभर हॅम असलेला माणूस म्हातारपणी वृद्धाश्रमात जातो, तिथे अँटेना लावायला परवानगी नसते. पूर्वी त्याचा छंद तिथेच संपायचा. आता छोट्या सेटवर किंवा संगणकावर तो आपल्या जुन्या मित्रांच्या बैठकीत येऊन बसतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९६७ सालापासून अपंग व्यक्तींना हॅम व्हायला मदत करणारा 'हँडीहॅम' नावाचा उपक्रम चालत आला. अंध, अंथरुणाला खिळलेली, चाकाच्या खुर्चीतली माणसं यातून परवाना मिळवून बोलायला लागली. इकोलिंक आल्यावर त्यांची रोजच्या गप्पांची बैठक तिथे भरू लागली. 

मी सामाजिक काम करताना अंथरुणाला खिळलेल्या किती तरी बायका बघते. औषध मिळतं, जेवण मिळतं, पण "आज कुणाशी बोलले?" या प्रश्नाला उत्तर नसतं. टीव्ही बोलतो, पण ऐकत नाही. तिथे रोज ठरलेल्या वेळी तुमचं नाव घेऊन "आज कशा आहात? ओव्हर" असं विचारणारं कुणी असणं, हे औषधाइतकंच मोलाचं.

आणि हो, चॅटिंगमध्ये असते ती एक भीती इथे कमी आहे. तिथे 'पूजा' नावामागे कोण बसलंय ते कळत नाही. इकोलिंकवर नाव नोंदवायलाच परवान्याचा पुरावा द्यावा लागतो. पलीकडे जो बोलतो तो सरकारी कॉलसाइन घेऊन बोलतो. टवाळखोराला तोंड लपवायला जागा कमी. पण एक ध्यानात ठेवायचं, रेडिओवर खासगी काहीच नसतं. सेट असलेला कुणीही ऐकू शकतो. घराचा पत्ता, घरात कोण कधी एकटं असतं, पैशाअडक्याच्या गोष्टी, हे तिथे बोलायचं नाही.

वादळाच्या पोटातून आलेला आवाज

गप्पा ठीक आहेत, पण खरी परीक्षा संकटात होते. 

अमेरिकेत मायामी इथे राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र आहे. उपग्रह, विमानं, मोठमोठे संगणक सगळं आहे. तरीही १९८० सालापासून तिथे हौशी रेडिओचं एक केंद्र चालतं आणि ते स्वयंसेवक चालवतात. कशासाठी? कारण उपग्रहाला वरून ढग दिसतात, पण अमुक बेटावरच्या अमुक गल्लीत वारा किती आहे, हवेचा दाब किती उतरलाय, पाणी कुठवर आलंय, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच कळतं. कॅरिबियन बेटांवरचे, किनाऱ्यावरचे हॅम घरातल्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या यंत्रावरचे आकडे वाचून सांगतात. शास्त्रज्ञ ते आकडे अंदाज बांधताना वापरतात.

पूर्वी हे फक्त शॉर्टवेव्हवर व्हायचं. नंतर इकोलिंक आणि आयआरएलपी एकत्र जोडून एक मोठी बैठक तयार झाली. चक्रीवादळ जमिनीकडे येऊ लागलं की ही बैठक सुरू होते. शॉर्टवेव्हवर आवाज कधी येतो, कधी विरतो. इंटरनेटवरून तो स्वच्छ येतो. एखाद्या गावातली वीज आणि नेट गेलं तरी तिथला माणूस बॅटरीवरच्या छोट्या सेटवरून लांबच्या, अजून चालू असलेल्या रिपीटरपर्यंत पोचतो आणि तिथून पुढे त्याचा आवाज इंटरनेटने मायामीला जातो. दोघं मिळून काम करतात. एकटा रेडिओ जिथे दमतो तिथे इंटरनेट त्याचा हात धरतं.

पण नेटच गेलं तर?

मैत्रिणींनो, शेवटाकडे सांगते म्हटलं होतं ती गोष्ट आता.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या बाई एका छोट्या पथकाला घेऊन अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या. त्यांची कॉलसाइन 'व्हीयू टू आरबीआय'. त्याआधीची सतरा वर्षं अंदमानातून हौशी रेडिओवर बोलायला परवानगीच नव्हती. भारतीताईंनी पाठपुरावा करून ती मिळवली. जगभरचे हॅम अंदमानशी बोलायला टपून बसले होते, कारण दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क होणं ही या छंदातली मोठी कमाई. हॉटेलात सेट मांडून त्या रात्रंदिवस हजारो लोकांशी बोलत होत्या.

२६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली. पाठोपाठ त्सुनामी आली. हिंद महासागराच्या काठच्या देशांत मिळून दोन लाखांहून जास्त माणसं गेली. अंदमान-निकोबारमध्ये फोन बंद पडले, वीज गेली. बेटांवर काय झालंय ते मुख्य भूमीला कळेना. त्या वेळी भारतीताईंचा शॉर्टवेव्हचा सेट चालू होता. स्पर्धेची मजा बाजूला ठेवून त्यांनी तो सेट प्रशासनाच्या आणि लोकांच्या कामाला जुंपला. त्यांच्या पथकातले सहकारी कार निकोबारला गेले आणि तिथून संपर्क सुरू केला. कोण जिवंत आहे, कोण छावणीत आहे, औषधं काय हवीत, असे निरोप पोर्ट ब्लेअरला आणि तिथून देशभरच्या हॅमकडे जाऊ लागले. एखाद्या घरात फोन वाजायचा आणि अनोळखी आवाज सांगायचा, "तुमचा माणूस सुखरूप आहे." त्या घरातल्या बाईला त्या क्षणी काय वाटलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

लक्षात घ्या, त्या दिवशी तिथे इंटरनेटचा पूल कामाला आला नाही. कामाला आली ती तार, बॅटरी आणि सेट चालवता येणारी एक बाई.

आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तरेकडच्या गावांत विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर मुके झाले. माझी एक मावसबहीण दापोलीकडच्या एका वाडीत राहते. छपराची कौलं उडाली, नारळी-पोफळीची बाग झोपली, पण ती आणि भावोजी सुखरूप होते. हे तिच्या ठाण्यातल्या मुलाला कळायला पाच दिवस लागले! लॉकडाऊनचे दिवस, त्याला निघताही येईना. सुनेने पाच दिवस धड अन्न घेतलं नाही. शेवटी एक टेम्पोवाला महाडपर्यंत आला आणि रेंज मिळाल्यावर त्याने फोन केला. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाही नातेवाइकांची तीच गत. मोबाइल खिशात असून मुका.

त्या वाडीत नको, त्या तालुक्यात जरी बॅटरीवर चालणारा सेट आणि तो चालवणारी एक बाई असती, तर मुंबई-पुण्याच्या एखाद्या हॅमपर्यंत "सगळे सुखरूप" एवढे दोन शब्द त्याच दिवशी पोचले असते. तिथे नेट चालूच असतं, म्हणजे पुढची वाट मोकळी.

म्हणून मला वाटतं, इंटरनेटची जोडणी हे आत यायचं दार आहे, घर नव्हे. या दारातून जरूर यावं. छोट्या सेटवर बोलायला शिकावं, भीड चेपावी, परदेशातल्या मैत्रिणी जोडाव्यात. पण तिथेच थांबू नये. पुढे तारेची अँटेना बांधायला, बॅटरी जोडायला आणि कुणाच्याही मदतीशिवाय शॉर्टवेव्हवर आवाज पोचवायला शिकावं. इंटरनेट हे उसनं आणलेलं साखरेचं भांडं आहे. शेजारीण घरात असेल तोवर ठीक. आपल्या डब्यातली साखर ती आपली.

आपल्याला जमेल का?

जमेल! विज्ञान शाखेची अट नाही. मी कला शाखेची पदवीधर, मराठी वाङ्मय घेतलेलं. तरी शिबिरातल्या काकांनी दिलेलं अभ्यासाचं पुस्तक चाळलं तेव्हा घाबरण्यासारखं फार काही वाटलं नाही. व्होल्ट, अँपिअर, लहरी आणि नियम. फ्यूज बदलणाऱ्या, मिक्सरचा ब्रश बदलून घेणाऱ्या, मुलांच्या दहावीच्या विज्ञानाचा अभ्यास घेणाऱ्या बाईला हे का जमू नये?

एकटीने करण्यापेक्षा चौघींनी मिळून करावं. बचत गट असतो तसा हा 'बोलका गट'. आठवड्यातून एक दुपार, दोन तास. जवळच्या शहरात हॅम क्लब असतो, तिथल्या जाणत्यांना बोलवावं. हे लोक शिकवायला फार उत्सुक असतात, चहा-पोह्यांवर खूश! घरातल्या बारा वर्षांवरच्या मुलामुलींनाही परीक्षा देता येते. मायलेकी मिळून अभ्यासाला बसल्या तर त्याहून छान काय?

गावात पूर येवो, वादळ येवो, निदान एका घरात दिवा लागलेला असावा आणि तिथून एका बाईचा शांत, स्पष्ट आवाज जावा. "इथे सगळे सुखरूप आहेत. दोन आजारी आहेत. औषध पाठवा. ओव्हर." हे काम आपण करू शकतो. शाळेचं मैदान, अंगणवाडी, ग्रामपंचायत, सगळीकडे आपण पुढे आलोच आहोत. आता हवेतही येऊ या.

सगळ्या मैत्रिणींना ३३!

(चौकट)
हे लक्षात ठेवा

• परवान्याशिवाय सेट वापरणं हा गुन्हा आहे. ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी दिसला म्हणून मुलांच्या हट्टासाठी मागवू नका. आधी परीक्षा, मग परवाना, मग सेट.
• परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. अर्ज विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर करायचा असतो.
• वयाची किमान अट १२ वर्षं. परवान्याचे दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स कोड लागत नाही. सुरुवात तिथूनच करावी.
• इकोलिंक मोबाइलवर उतरवता येतं, पण परवान्याचा पुरावा दिल्याशिवाय ते उघडत नाही.
• आपला सेट इंटरनेटला जोडून नोड उभा करायचा असेल तर परवान्यातल्या अटी वाचून, क्लबातल्या अनुभवी माणसाला विचारून मगच पाऊल उचलावं.
• धंदा, राजकारण आणि धार्मिक वाद या गोष्टी रेडिओवर बोलायच्या नाहीत. सांकेतिक, लपवलेलं बोलणंही चालत नाही.
• घरात बॅटरी चार्ज करून ठेवावी आणि महिन्यातून एकदा नेट बंद ठेवून, नुसत्या रेडिओवर बोलायचा सराव करावा.